दोन भेटींमधले दिवस

रक्तातील साखर मोजण्याचे छोटे यंत्र आज आपल्या समाजातील व्यापारी घरांत गल्ल्यातील कॅल्क्युलेटरइतके परिचयाचे झाले आहे. दिवसाचे दहा-बारा तास गादीवर किंवा काउंटरमागे बसून काढायचे, जेवणाच्या वेळा गिऱ्हाइकाच्या सोयीने ठरवायच्या, लग्नसराईत मिष्टान्नाला नाही म्हणायचे नाही, आणि त्यात पिढीजात प्रवृत्तीची भर. मधुमेह घरोघरी पोहोचला यात नवल नाही. ‘तीन महिन्यांची साखर किती?’ असे पन्नाशीच्या गृहस्थांना विचारावे, तर ते आकडा दशांशासह सांगतात. त्याच गृहस्थांना, गेल्या पंधरवड्यात किती रात्री झोप लागली नाही, दुकान उघडावेसेच वाटले नाही असे किती दिवस गेले, असे विचारावे, तर ते विषय बदलतात.

वास्तविक हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार दूरचे नाहीत. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. मन खचलेला मनुष्य सकाळचे फिरणे सोडतो, गोळ्या घेण्याचा कंटाळा करतो, पथ्य त्याला निरर्थक वाटू लागते, आणि साखर चढते. डॉक्टर चढलेली साखर पाहून औषधाची मात्रा वाढवितात. ती का चढली, हे दहा मिनिटांच्या भेटीत विचारायचे राहून जाते आणि रुग्णही आपण होऊन सांगत नाही.

मनाच्या आजारासाठी वेगळ्या दवाखान्याची पायरी चढावी, तर पेठेतील कोणीतरी पाहील ही धास्ती असते. व्यापाऱ्याचा निम्मा व्यवहार पतीवर चालतो. ‘शेठजींचे चित्त ठिकाणावर नाही’ एवढी कुजबूज बाजारात पसरली, तर माल उधारीवर देणारा हात आखडता घेतो. घरात लग्नाची मुलेमुली असतील, तर स्थळे येईनाशी होतात. ही भीती खुळी आहे असे सांगून तिचे निवारण होत नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच, मनाचा उपचार रुग्णाच्या नेहमीच्या दवाखान्यात आणून ठेवणाऱ्या एका पद्धतीचा परिचय आपल्या वाचकांना करून द्यावा असे वाटले. तिला इंग्रजीत ‘कोलॅबरेटिव्ह केअर’ म्हणतात. आपण तिला सहयोगी उपचारपद्धती म्हणू.

सिॲटलहून चेन्नईकडे

या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील सिॲटल शहरी, वॉशिंग्टन विद्यापीठात आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञ वेन केटन यांनी पाहिले, की नैराश्याचे बहुसंख्य रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पोहोचतच नाहीत. ते नेहमीच्या डॉक्टरांकडे अंगदुखी, अपचन, थकवा यांच्या तक्रारी घेऊन जातात. डॉक्टरांनी आजार ओळखून औषध लिहून दिले तरी पुढे फारसे काही घडत नाही. रुग्ण दोन आठवडे गोळी घेतो, गुण येत नाही म्हणून ती सोडतो आणि पुन्हा फिरकत नाही. नैराश्यावरील बहुतेक गोळ्यांचा परिणाम जाणवू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात, हे त्याला कोणी नीट समजावलेले नसते. पहिल्या गोळीने गुण आला नाही तर मात्रा बदलता येते, दुसरी गोळी देता येते, हेही त्याच्या कानी पडलेले नसते.

केटन आणि त्यांचे सहकारी युर्गेन उनुत्झर यांनी सुचविलेली व्यवस्था साधी होती. नेहमीचे डॉक्टर औषध लिहितील. त्यांच्याच दवाखान्यात एक समन्वयक असेल, बहुधा परिचारिका किंवा समाजसेविका. ती रुग्णाला ठरलेल्या दिवशी फोन करील, गोळी घेतली का विचारील, त्याच्या मनःस्थितीचा आकडा नोंदवील आणि त्याच्याशी बोलून दिनक्रम सावरायला मदत करील. मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाला स्वतः तपासणार नाही. तो समन्वयकाबरोबर बसून नोंदींची यादी पाहील आणि ज्यांना गुण येत नाही त्यांच्याबद्दल डॉक्टरांना सल्ला देईल. एका तज्ज्ञाच्या एका बैठकीचा लाभ अशा रीतीने अनेक रुग्णांना पोहोचतो.

उनुत्झर यांनी ही व्यवस्था पाच राज्यांतील १८ दवाखान्यांत, साठ वर्षे व त्यापुढील १८०१ रुग्णांवर पारखून पाहिली. निष्कर्ष २००२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीस सहयोगी पद्धतीतील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली होती. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. या दुसऱ्या गटाला औषधे नाकारलेली नव्हती. तीच औषधे त्यांनाही उपलब्ध होती, त्यांच्या डॉक्टरांना आजाराची कल्पनाही होती. फरक पडला तो डॉक्टरांच्या दोन भेटींमध्ये जे दिवस जातात, त्या दिवसांत कोणीतरी हिशेब ठेवत होते म्हणून.

उधारी कशी वसूल होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. माल दिल्यावर खतावणीत नाव लिहिले, पण वर्षभर तगादाच केला नाही, तर ती रक्कम बुडाली असे समजावे. औषधाची चिठ्ठी लिहून रुग्णाला घरी धाडणे आणि त्याच्या परत येण्याची वाट पाहणे हा असाच तगाद्यावाचूनचा व्यवहार होय. आश्चर्य याचे, की वैद्यकाला ही गोष्ट आकडेवारीने सिद्ध करण्यास एवढी वर्षे लागली.

ही झाली अमेरिकेची कथा. आपल्या देशात तज्ज्ञांचा तुटवडा त्याहून कितीतरी गंभीर आहे. लाखभर लोकसंख्येमागे सरासरी एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, प्रमाण ०.७५ च्या आसपास भरते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत, निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून असल्याचे दिसले. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपल्यापैकी कित्येकांचे मूळ गाव ज्या राज्यांत आहे ती गुजरात व राजस्थान ही दोन्ही राज्ये होती.

याच सुमारास, २०१५ पासून, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील चार मधुमेह-केंद्रांत सहयोगी पद्धतीचा भारतीय प्रयोग सुरू झाला. ज्यांचा मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात नाही आणि ज्यांना नैराश्यही आहे, असे ४०४ रुग्ण निवडण्यात आले. त्यांचे सरासरी वय ५३ च्या आसपास होते. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे मनुष्य पेढीचा भार पूर्णपणे खांद्यावर वाहत असतो, ते वय. निम्म्यांना केंद्राचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना वर्षभर एक समन्वयक मिळाला, जो स्वतः डॉक्टर नव्हता. त्याने घेतलेल्या नोंदी संगणकात जात आणि संगणक डॉक्टरांना सुचवी, की या रुग्णाची साखर अथवा मनःस्थिती सुधारलेली नाही, औषधात बदल करण्याचा विचार करावा. ठरावीक काळाने मधुमेहतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र बसून रुग्णांचा आढावा घेत. दुसरे वर्ष या साहाय्याविना गेले.

दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा समन्वयक लाभलेल्यांपैकी ७१.६ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने तरी उतरले होते आणि त्याच वेळी साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक आकडा सुधारला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ५७.४ टक्के होते. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. यात चमत्कार काही नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. चांगल्या केंद्रात नेहमीच्या उपचारांनीही निम्म्याहून अधिक जणांना गुण आलाच. तथापि शंभरांत चौदा माणसांचा फरक हा लहान नव्हे, आणि समन्वयकाचे साहाय्य थांबल्यानंतर वर्षभराने तो टिकून होता ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

आपल्या अगदी शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांबरोबर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. निदान दहावीपर्यंत शिकलेली स्थानिक माणसे, प्रशिक्षण देऊन तयार केलेली. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, अशा सहा ते आठ भेटी. आजारामुळे सुटलेली कामे, भेटीगाठी, फिरणे हे एकेक करून पुन्हा दिनक्रमात बसवायचे, एवढाच त्या भेटींचा गाभा. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आलेले होते; नुसते केंद्राचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. तज्ज्ञ दुर्मीळ आहेत म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही, असे या आकड्यांवरून म्हणता येते.

मनाचा आकडा

मनःस्थिती मोजायची कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. डॉक्टर तिला ‘पीएचक्यू-९’ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, उदास वाटले का, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी अपराधीपणा, चित्ताची एकाग्रता, हालचालीतील मंदपणा अथवा अस्वस्थता, आणि शेवटी जगणे नकोसे वाटण्याचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून अधिक झाली तर डॉक्टरांनी नीट चौकशी करावी असा संकेत आहे. हे निदान नव्हे. ताप मोजल्याने टायफॉइड सिद्ध होत नाही, तसेच. परंतु दर पंधरा दिवसांनी तोच आकडा लिहिला, तर गोळी लागू पडते आहे की नाही हे कळते. अठराचा आकडा सहा आठवड्यांनी सोळावर असेल, तर उपचार बदलायला हवा. बारावर आला असेल, तर ‘काही फरक नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णालाही तो दाखविता येतो, कारण खचलेल्या मनाला आपली सुधारणा दिसत नसते.

नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले पाहिजे आणि त्या व्यक्तीला एकटे सोडता कामा नये. येथे एक अप्रिय माहिती देणे भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० या एका वर्षात देशात ११,७१६ व्यावसायिकांनी आपले जीवन संपविले. त्याच्या आदल्या वर्षी ही संख्या ९,०५२ होती. २०२० मध्ये शेती क्षेत्रातील अशा मृत्यूंची संख्या १०,६७७ होती, म्हणजे व्यावसायिकांहून कमी. ते टाळेबंदीचे वर्ष होते हे खरे. पण शेतकऱ्यांच्या दुःखाची जेवढी चर्चा होते, त्याच्या शतांशानेही या आकड्याची झाली नाही. व्यापारी आपले नुकसान लपवितो, तसेच आपले मनही. असे विचार विचारल्याने बळावतात ही समजूत चुकीची आहे. विचारले म्हणजे मनुष्याला बोलायला वाट मिळते.

वैराग्य की आजार?

या नऊ प्रश्नांकडे आपल्या धर्मसंस्कारांतून पाहताना एक अडचण येते, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने लिहिलेले फारसे आढळत नाही.

दुकानात रस वाटेनासा होणे, बोलणे कमी होणे, भूक मंदावणे, जगाविषयी उदासीनता. धर्मपरायण घरात ही लक्षणे दिसली, तर घरच्यांना वाटते, वडिलांचे मन आता संसारातून निवृत्त होत आहे. कौतुकही होते. आई जेवत नाही याला तप समजले जाते. मुलगी तासन्‌तास खोलीत एकटी बसते, तिची ओढ धर्माकडे आहे असे म्हटले जाते. कधी ते तसे असेलही. परंतु ज्यांनी खरी विरक्ती जवळून पाहिली आहे, त्यांना फरक ओळखता येईल. विरक्त माणसाचे चित्त सामायिकात निवते, स्वाध्यायात त्याला गोडी वाटते, इतरांविषयी त्याचा जिव्हाळा वाढलेला असतो. नैराश्यातील माणसाला सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांतही विसावा नसतो. एरवी आवडणारे स्तवनही त्याला नको वाटते. त्याने जग सोडलेले नसते, जगच त्याच्या हातून निसटलेले असते.

अपराधीपणाचे तसेच आहे. प्रतिक्रमणात आपण दिवसभरातील दोषांची आलोचना करतो आणि मोकळे होतो. आजारी मनाला मोकळे होता येत नाही. वीस वर्षांपूर्वी भावाशी झालेला वाद, वडिलांच्या आजारपणात उशिरा पोहोचणे, एखाद्या कारागिराचे पैसे उशिरा चुकते करणे, हे दोष रोज त्याच तीव्रतेने समोर उभे राहतात. ‘मिच्छामि दुक्कडम्’ शंभर वेळा म्हणूनही ओझे उतरत नाही, मग मनुष्य समजतो की आपली श्रद्धाच अपुरी आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी ‘आर्तध्यान करू नका, नवकार म्हणा’ असे सांगितले तर त्यांचा हेतू चांगला असतो. पण तापाने फणफणलेल्याला ‘गरम होऊ नका’ म्हणण्यासारखे ते आहे. नवकार जरूर म्हणावा. त्याबरोबर डॉक्टरही हवेत.

असाता वेदनीय कर्माच्या उदयाने आजार आला, असे मानणारी आपली परंपरा आहे. मधुमेहाच्या बाबतीतही आपण तसेच मानतो आणि तरी इन्सुलिन घेतो. उदय कर्माचा, आणि उपचार हा पुरुषार्थ, अशी सांगड शरीराच्या आजारात आपण सहज घालतो. मनाच्या आजारात ती घालताना का अडखळतो, याचे उत्तर मला शास्त्रात सापडत नाही. ते बहुधा बाजारात आणि सोयरिकीत आहे. ज्यांच्या शब्दाला घरात मान असतो त्या साधु-साध्वीजींनी एखाद्या श्रावकाला ‘औषध चुकवू नका’ एवढे म्हटले, तर ते काम समन्वयकाच्या दहा फोनांनी होणार नाही.

फोनचे काम आणि माणसाचे काम

तंत्रज्ञानाने या व्यवस्थेत कोणती जागा घ्यावी, याचा अंदाज वरील प्रयोगांवरून येतो. चेन्नई-दिल्लीच्या केंद्रांत संगणकाने कोणाला बरे केले नाही. त्याने विसरू दिले नाही. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने २०१० च्या सुमारास तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात एक बस फिरविली. खेड्यात बस थांबे, आतील पडद्यावर चेन्नईतील तज्ज्ञ रुग्णाशी बोलत आणि लिहून दिलेली औषधे त्याच बसमधून मिळत. पडद्यावरच्या डॉक्टरपेक्षा औषधाची ती पेटी मला अधिक शहाणपणाची वाटते. सल्ला मिळाला आणि औषधासाठी पन्नास किलोमीटर जावे लागले, तर सल्ला वाया जातो.

आता बसचीही वाट पाहावी लागत नाही. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून, दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य लावता येतो. मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड यांसह वीस भाषांची सोय आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. आवश्यकता वाटल्यास ते फोन मनोविकारतज्ज्ञांकडे जोडतात किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयाची दिशा देतात. निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. ज्यांना पेठेतील दवाखान्याच्या पायरीची धास्ती वाटते, त्यांना दुकान बंद केल्यावर गोदामात बसूनही हा फोन करता येईल. रुग्णाच्या वतीने घरातील व्यक्तीनेही विचारणा करण्यास हरकत नाही.

२५ मार्च २०२० च्या नियमावलीनुसार डॉक्टर दृक्-संवादातून तपासून औषध लिहून देऊ शकतात. काही विशिष्ट नियंत्रित औषधे मात्र अशा रीतीने देता येत नाहीत. ज्यांचे गाव लहान आहे, त्यांनी पहिली भेट शहरात प्रत्यक्ष घ्यावी आणि पुढील भेटी पडद्यावर ठेवाव्या, हा मध्यममार्ग बऱ्याच कुटुंबांना सोयीचा पडेल.

भ्रमणध्वनीवरील ॲप आणि यंत्राशी गप्पा मारण्याच्या सुविधा यांविषयी मात्र सावधपणे लिहावे लागते. तरुण मुले रात्री दोन वाजता यंत्राला आपले दुःख सांगतात, कारण ते कोणाला सांगणार नाही असे त्यांना वाटते. त्यांतील काही सुविधा श्वासाचे व्यायाम, दिनक्रम, झोपेच्या सवयी यांपुरत्या उपयोगी आहेत. परंतु दोन दिवस मुलगा बोलला नाही म्हणून यंत्र त्याच्या दारावर टकटक करीत नाही. शिवाय गुप्ततेचा प्रश्न आहेच. ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची खासगी माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना पुरविल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर देण्याचा आदेश काढला. फुकटचा माल घेताना तो फुकट का, हे व्यापाऱ्याने विचारायला हवे.

आणि एक कळकळीची विनंती: घरातील कोणाच्या उपचारांची वार्ता, त्याचा आकडा, औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क ठरविला आहे. डॉक्टर ती पाळतात आणि आपण चाळीस नातेवाइकांत ती वाटतो. याच कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठी शरीराच्या आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले आहे, ही गोष्ट मेडिक्लेमचा हप्ता भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

घरातील समन्वयक

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात समन्वयक नेमला जाईल त्याची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. त्याचे काही काम घर करू शकते, मात्र रुग्णाच्या संमतीने आणि एकाच व्यक्तीने. सगळे घर विचारू लागले की तो पहारा होतो. ती व्यक्ती सून असेल, धाकटा भाऊ असेल, विश्वासातले दिवाणजी असतील. पंधरा दिवसांनी नऊ प्रश्न एकत्र बसून भरायचे, आकडा व तारीख लिहायची, गोळ्या किती उरल्या ते पाहायचे, पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्यायची. मधुमेहाच्या डॉक्टरांनाच विचारावे, ‘साखर चढते आहे, त्याचे मूळ मनात असेल का?’ बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो; त्यांनाही तो विचारायचा असतो.

बरे वाटू लागले की गोळी बंद करण्याचा मोह होतो. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्यांनाही बरे वाटू लागल्यानंतर सहा महिने किंवा अधिक काळ औषध सुरू ठेवण्यास सांगितले जाते, आणि थांबवायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. लग्न ठरले म्हणून मुलीच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या, नव्या घरी चार महिन्यांत आजार उलटला, आणि मग दोन्ही कुटुंबे एकमेकांना दोष देत बसली, असे प्रसंग समाजात घडतात. सोयरिकीच्या वेळी खरे सांगणे अवघड आहे, पण सांगितलेला आजार उपचारात राहतो.

आपल्या आचारधर्माशी निगडित तीन गोष्टी डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्या लागतात, कारण त्यांच्या मनात त्या येत नाहीत. मनोविकारांवरील पुष्कळ गोळ्या झोपताना घेण्यास सांगतात. ज्यांचा चौविहार आहे, ते सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. मग संकोचाने ते डॉक्टरांना काही बोलत नाहीत आणि गोळी तशीच राहते. सांगितले तर बहुतेक औषधांची वेळ सूर्यास्तापूर्वीची किंवा सकाळची करता येते, किंवा दुसरे औषध निवडता येते. दुसरे, कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. तेच औषध गोळीच्या स्वरूपात मिळते का हे विचारावे. स्वतःच्या मनाने कॅप्सूल फोडून आतली पूड घेऊ नये, कारण काही औषधे हळूहळू विरघळावी अशा बेताने भरलेली असतात.

तिसरी गोष्ट उपवासांची. लिथियम हे औषध चालू असताना शरीरातील पाणी कमी झाले, तर त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. हातांना कंप, उलट्या, तोल जाणे, गुंगी ही त्याची लक्षणे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांत उपवासाने साखर एकाएकी उतरण्याचा धोका आहेच. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात उपवास, अठ्ठम किंवा अठ्ठाई करण्याचा भाव असेल, तर पच्चक्खाण घेण्यापूर्वी निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. लिथियम घेणाऱ्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांनी नको म्हटले तर गुरुमहाराजांना तसे स्पष्ट सांगून ऊनोदरी, रसत्याग किंवा स्वाध्याय यांपैकी झेपेल ते तप मागून घ्यावे.